न बसलेला घसा

जुलै संपत आला की माझ्या सासूबाईंच्या फ्रिजमध्ये एक बरणी येऊन बसते. पांढऱ्या मुळ्याच्या फोडी मधात बुडवलेल्या. मुळ्याला पाणी सुटतं, मध पातळ होतो, आणि तो चमचाभर घेतला की बसलेला घसा मोकळा होतो. हाचिनोहेत तीन देवळांचा उत्सव आला की घरोघरी ही बरणी असते, कारण रथ ओढताना ओरडून ओरडून पोरांचे घसे बसतात. ज्याचा बसला नाही तो नुसता दोरीला हात लावून फिरून आला, असं लोक धरून चालतात. माझ्या माहेरी, हिरोसाकीलाही, हाच मुळा आणि हाच मध. हे मी एकदा सासूबाईंना सांगून बघितलं. "इकडूनच नेला असेल तुमच्या लोकांनी," त्या म्हणाल्या. "बाकीचं नेलंत तसं."

बाकीचं म्हणजे जमीन. चारशे वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका सरदारानं त्यांच्याकडच्या धन्याविरुद्ध उठून पश्चिमेचा मुलूख गिळला. तेव्हापासून ते आम्हाला चोर म्हणतात आणि आम्ही त्यांना रडे. आज दोन्ही गावांचा कारभार एकाच कचेरीतून चालतो, पण सोयरीक निघाली की अजून कुणीतरी खाकरतंच. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा सासूबाई हसत हसत म्हणाल्या होत्या, "हिरोसाकीची का? मग भांडी मोजून ठेवायला हवीत." माझे बाबाही काही कमी नाहीत. त्यांनी माझ्या नवऱ्याच्या, योशिकीच्या, पेल्यात साके ओतता ओतता विचारलं, "तुमच्याकडे अजून राळ्याचाच भात खातात, की तांदूळ पिकायला लागला?"

सुझु जन्मली तेव्हा योशिकीनं आणि मी दवाखान्यातच ठरवून टाकलं की हे भांडण हिच्यापर्यंत येऊ द्यायचं नाही. पोरगी दोन्ही गावांवर सारखी माया करेल. त्या वेळी वाटलं, त्यात काय अवघड आहे. आता ती नऊ वर्षांची आहे आणि मी तुम्हाला सांगते, त्यापेक्षा दोन सवती नांदवणं सोपं.

आम्ही राहतो आओमोरीत. योशिकी शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करतो, मी चष्म्याच्या दुकानात आहे. घरात एक दिवस त्याच्या गावचा बांगडा, एक दिवस माझ्या गावचे म्हाकुळाच्या तंगड्यांचे वडे. त्याच्या गावाला गव्हाच्या कडक चकत्या रश्शात घालून शिजवतात. मला विचाराल तर ते भिजलेलं बिस्किट आहे, पण पोरीसमोर मी मूग गिळून दोन वाट्या खाते. योशिकी माझ्या बाबांनी पाठवलेलं सफरचंद औषधाच्या गोळीसारखं चावतो आणि "वा" म्हणतो. इतकं गोड बोलून बोलून आम्हा दोघांचे जबडे दुखतात. रात्री अंथरुणावर पडलं की कधी कधी वाटतं, एकदा तरी उठून त्याच्या गावाला मनसोक्त शिव्या द्याव्यात आणि मग शांत झोपावं.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये. दोन्ही गावांचे उत्सव एकाच आठवड्यात येतात. देवानंच मुद्दाम केलं असणार. म्हणून आम्ही तोडगा काढला: एक आणि दोन तारीख हाचिनोहेला, तीनच्या सकाळी निघायचं, आणि पुढचे दिवस हिरोसाकीला. योशिकीला रथ सोडून येता येत नाही, म्हणून सुझुला घेऊन मी एकटी गाडी चालवत जाते. त्यामुळे आमच्या पोरीनं हाचिनोहेचे रथ देवळाकडे परतताना कधी पाहिले नाहीत, आणि हिरोसाकीचे कंदील पहिल्यांदा पेटताना कधी पाहिले नाहीत. दोन उत्सव, पण आख्खा एकही नाही. न्याय म्हणजे न्याय.

एकदाच घोटाळा झाला होता. ती चार वर्षांची होती. हाचिनोहेत दोरी धरून सगळी पोरं "योइसा, योइसा" ओरडत होती आणि मधोमध आमची एकटी "याऽ याऽ दोऽ". ती हाक हिरोसाकीची. तिच्या पुढच्या म्हाताऱ्यानं दोरी सोडली, मागं वळून बघितलं आणि विचारलं, "हे कुणाचं पोर?" लोक हसले. कुणी रागावलं नाही, खरंच नाही. सासूबाई मात्र दोन दिवस घुम्या बसल्या. पुढं हिरोसाकीला गेल्यावर ती "योइसा" म्हणाली, तेव्हा बाबांनी तिला मांडीवर घेऊन संध्याकाळभर आपली हाक घोकून घेतली. पोरगी शहाणी, त्यानंतर कधीच चुकली नाही. आम्ही दोघं तिचं कौतुक करत राहिलो.

तिला काहीही विचारा, उत्तर एकच: "दोन्ही छान." बांगडा की वडे? दोन्ही छान. समुद्र की डोंगर? दोन्ही छान. घरात योशिकी एकटा असला तर ती बांगडा मागते, मी एकटी असले तर वडे. दोघं असलो की आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघते आणि मग तेच. गेल्या हिवाळ्यात तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून एक चित्र दाखवलं. माझी आवडती जागा, असा विषय होता. सुझुनं हमरस्त्याकडेची चार टेकाडं, मधला ओहोळ आणि पलीकडे थंड पेयांचं यंत्र काढलं होतं. "ही कुठली जागा?" बाईंनी विचारलं. मी ओळखली. जुनी हद्द आहे ती. ओहोळाच्या अलीकडची दोन टेकाडं त्यांच्या राज्याची, पलीकडची दोन आमची. हाचिनोहेहून येताना मी तिथं गाडी थांबवते, पाय मोकळे करायला. मला हसू आलं होतं. वाटलं, कार्टीला रस आवडतो यंत्रातला.

या वर्षी दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे हाचिनोहेच्या आळीनं सुझुला रथावर छोटा ढोल दिला. इतकी वर्षं ती खाली दोरीला असायची. आता रथाच्या तोंडाशी, रांगेत बसायचं, वर लाकडी राक्षस आणि लाटा. सरावासाठी सासऱ्यांनी एक जुना टायर पाठवला. कुरिअरवाला म्हणाला, बाकीचे तीन कधी येणार? तो टायर महिनाभर आमच्या घरातल्या बोळात पडून होता आणि सुझु शाळेतून आली की त्यावर बडवत बसायची. ताल चुकला की ओठ चावून पुन्हा पहिल्यापासून. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर आल्या. मी त्यांना सफरचंदाचा मुरंबा दिला.

दुसरी गोष्ट बाबांची. माझे बाबा कंदिलावर चित्रं काढतात. आमचे कंदील म्हणजे दुमजली घराएवढे कागदी हातपंखे, आतून दिवे लावलेले. समोर लढणारे योद्धे असतात, आणि पाठीमागं एकट्या बाईचं चित्र, जरा उदास चेहऱ्याचं. कंदील पुढं निघून गेला की मगच ती लोकांना दिसते. बाबा जन्मभर ती पाठीमागची बाईच काढत आले. आई गेल्यापासून तर घरात त्यांच्या सोबतीला तीच. जूनमध्ये त्यांचा फोन आला. "एका रेघेच्या दोन दिसायला लागल्यात," म्हणाले. "हे शेवटचं. तीन तारखेला बाहेर पडेल. सुझुला आण, आळीचं नाव लिहिलेला छोटा कंदील तिच्या हातात द्यायचाय. पुढं ती आणि मागं माझी बाई." मी हो म्हणाले. त्यात विचारायचं काय होतं, तीन तारखेला आम्ही जातोच.

तीनच्या सकाळी हाचिनोहेत नेहमीप्रमाणं समुद्रावरून गार वारा सुटला होता. ऑगस्टमध्ये स्वेटर. हे असलं हवामान त्यांचं, त्यात माझा काही दोष नाही. न्याहारीला सुझुची चुलत भावंडं बसली होती. दोन दिवसांत सगळ्यांचे घसे बसले होते. भात वाढ, असं म्हणायला गेली तरी कावळ्यासारखा आवाज निघत होता आणि त्याचीच त्यांना मोठी ऐट. सासूबाई बरणी घेऊन फिरत होत्या. सुझुपाशी आल्या.

"आ कर."

"मला नको आजी. मी बरी आहे," सुझु म्हणाली. घंटेसारखा आवाज.

"हिचा कधी बसतच नाही," सासूबाई मला म्हणाल्या. "तुमच्याकडचा घसा असेल." मग जरा थांबून, "परतीला ढोल कोण वाजवणार हिचा? पोरं मधूनच उठून गेली की रांग लंगडी होते."

"किराणावाल्यांची धाकटी बसणार आहे ना, आई," मी म्हणाले.

"बसेल. तिला ताल आहे कुठं?"

योशिकी भातात डोळे घालून बसला होता. सुझु म्हणाली, "चालेल आजी. आजोबांचा कंदीलपण छान असतो." आणि उठून स्वतःची पिशवी घेऊन आली. जाताना तिनं ढोलाच्या काठ्या दाराशी ठेवल्या, नीट, एकीला एक लावून.

गाडीत ती गप्प होती. मला वाटलं झोपली. मिसावा मागं पडल्यावर मी विचारलं, "दमलीस?"

"नाही."

तो आवाज ऐकला आणि कुठंतरी खुटखुटलं. माझा स्वतःचा घसा दरवर्षी हिरोसाकीत दोन दिवसांत बसतो. बाबा मला मुळा भरवतात आणि फोनवर आवाज ऐकून मैत्रिणी हसतात. आणि आदल्या संध्याकाळी रथाबरोबर चालताना मी सुझुला पाणी द्यायला अगदी जवळ गेले होते. रांगेतली सगळी पोरं केकाटत होती. तिचंही तोंड उघडत होतं, मिटत होतं. पण मी हातभर अंतरावर उभी होते आणि मला तिचं काही ऐकू आलं नव्हतं. गोंगाटात वाटलं नाही काही. आता गाडीत, शांततेत, वाटलं.

टेकाडांपाशी मी गाडी उभी केली. तिनं यंत्रातून सफरचंदाचा रस घेतला, ओहोळाच्या काठावर दगडावर बसली आणि हळूहळू प्यायला लागली. मी पण बसले. गार वारा इथं संपतो, पलीकडच्या बाजूला ऊन होतं.

"सुझु, तुझा घसा कसा गं बसत नाही?"

"असाच."

"ओरडतेस ना?"

ती रसाच्या डब्यावरची अक्षरं बघत राहिली. मग म्हणाली, "तोंड हलवते."

"म्हणजे?"

"नुसतं हलवते. आवाज नाही काढत. मग चुकत नाही."

"हाचिनोहेला का हिरोसाकीला?"

"दोन्हीकडे," ती म्हणाली.

पाच वर्षं. पाच वर्षं माझी पोरगी दोन गावांच्या गर्दीत तोंडाची उघडझाप करत चालली होती आणि मी शेजारून चालत टाळ्या वाजवत होते. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला फक्त थकवा आला, इतका की त्या दगडावर आडवं व्हावं आणि कुणीतरी दुसऱ्यानं ही गाडी चालवावी.

"ही जागा का काढली होतीस चित्रात?" मी विचारलं.

"इथं कुणी विचारत नाही."

"काय विचारत नाही?"

"कुठलं जास्त आवडलं ते." रस संपला होता, तरी तिनं नळी ओढली. "चल, जाऊ या. आजोबा वाट बघत असतील."

ती उठली, गाडीपर्यंत गेली. दार उघडलं आणि हात दारावर ठेवून तशीच उभी राहिली. आत बसेना. मी म्हणाले, "बस की." तिनं मान हलवली आणि बसली नाही. डोळे तिचे माझ्या तोंडावर होते. कुठलं उत्तर बरोबर, ते शोधत होती.

तेव्हा माझ्या जिभेवर एक वाक्य आलं: आजोबांचं हे शेवटचं चित्र आहे. तेवढं म्हटलं असतं तर ती मुकाट्यानं आत बसली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ते जिभेवर आलं. मला न्यायची होती ती. बाबांच्या पुढं कंदील धरून चाललेली माझी पोर मला बघायची होती. नऊ वर्षं भिजलेली बिस्किटं खाल्ली होती मी, एवढं तरी माझ्या वाट्याला यावं असं वाटत होतं.

मी तिच्याकडे पाठ केली आणि पलीकडच्या टेकाडाकडे बघत उभी राहिले.

"मी तुझ्याकडे बघत नाहीये. तूपण माझं तोंड बघायचं नाही," मी म्हणाले. "आज तुला कुठं जायचंय? दोन्ही छान म्हणालीस तर एक ठेवून देईन."

हमरस्त्यावरून दोन ट्रक गेले. मग आणखी एक गेला. मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही.

"ढोल," ती म्हणाली.

मी तशीच उभी राहिले. तोंड सरळ करायला वेळ लागला.

बाबांना फोन लावला. ते मंडपात होते, मागं हातोडे वाजत होते. मी सगळं सांगितलं, तोंड हलवण्याचंही. हातोड्यांचा आवाज लांब गेला, ते मंडपाबाहेर आले असावेत.

"मी शिकवत बसलो होतो ना तिला," म्हणाले. "मांडीवर घेऊन."

"तुम्ही एकट्यानं नाही, बाबा."

"मग तिथंच ने. ओढून आणलेली पोर घेऊन मी काय करू?"

"तुमचं चित्र..."

"पाठीमागचं आहे ते, बाई. ते निघून जातानाच दिसतं. माझं काय अडतंय." मग जरा खाकरले. "शेवटचं आहे म्हणून सांगू नकोस तिला. आणि एक सांग, हाचिनोहेवाल्यांना ताल नाही. तिला असेल तर तो आपल्याकडचा."

"सांगते," मी म्हणाले. सांगितलं नाही.

परत वळलो. सुझु मागं बसली होती आणि गुडघ्यांवर बोटांनी ताल धरत होती. आपण काही विचित्र करतोय, मधूनच आई गाडी पुन्हा वळवून आपल्याला हिरोसाकीला नेईल, असं तिला वाटत असावं, कारण गाव येईपर्यंत तिनं एकदाही काही विचारलं नाही.

दारात सासूबाई होत्या. गाडी बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"काय गं, काही विसरलात?"

"काठ्या," मी म्हणाले.

सुझु चपला उडवून आत पळाली. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आता ऐकावं लागणार म्हणून मी दात आवळले. "शेवटी रक्त जातं कुठं," त्या म्हणाल्याच. पण लगेच आत गेल्या आणि माझ्यासाठी रश्शाची वाटी घेऊन आल्या. त्यात चकत्या घातल्या नव्हत्या. इतकी वर्षं मला त्या आवडत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं तर.

योशिकी रथाच्या मांडवातून आला, डोक्याला पंचा बांधलेला. त्याला सासऱ्यांनी सांगितलं असावं. मला वाटलं होतं त्याच्या चेहऱ्यावर थोडा तरी विजय दिसेल, मग मला भांडता तरी येईल. त्यानं पहिलं विचारलं, "तुझे बाबा?"

"तुम्हाला ताल नाही म्हणाले, हाचिनोहेवाल्यांना."

तो पायरीवर माझ्या शेजारी बसला. मी त्याला तोंड हलवण्याचं सांगितलं. त्यानं डोक्याचा पंचा सोडला आणि हातात धरून बसला.

"आपण काय केलं गं तिचं?" तो म्हणाला.

"सारखी माया करायला शिकवलं."

"मला कधीच आवडली नाहीत सफरचंदं."

"माहितेय मला. तुझी आई काय रांधते ते तरी मला कुठं आवडतं."

दोघंही हसलो नाही, पण हलकं वाटलं खरं. मग त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

किराणावाल्यांच्या धाकटीनं जागा सोडायला नकार दिला. तिचंही बरोबर होतं. शेवटी आळीच्या म्होरक्यानं दोघींना दाटीवाटीनं बसवलं, ढोल एकच, एक रस्ता हिनं, एक तिनं. तीन वाजता रथ हलले. पहिली दोन वळणं सुझुचं तोंड नुसतंच उघडत-मिटत होतं. मला आता ते लांबूनही दिसत होतं. ती रथावरून मला शोधत होती. मी तिच्याकडे न बघता रस्त्याच्या कडेनं चालत राहिले, जणू मी कुणा दुसऱ्याच मुलीची आई.

मुख्य रस्त्यावर वरच्या विजेच्या तारा संपल्या तिथं रथाचे मिटलेले पंख उघडले, वरचा राक्षस उठून उभा राहिला आणि धूर सुटला. लोकांनी आरोळी दिली. त्या आरोळीत मला एक आवाज ऐकू आला, फाटका, जरा चुकलेल्या सुराचा, बाकीच्यांच्या अर्धा ठोका पुढं: "योइसा!" मी वर बघितलं. सुझुचे डोळे मिटलेले होते आणि मानेच्या शिरा ताणलेल्या. तिचा असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. तान्ही असताना रडायची, त्यानंतर नाहीच. मला आनंद झाला आणि त्याच वेळी नाकाला मिरच्या झोंबल्या, दोन्ही एकदम. माझ्या पोरीला आवाज फुटला, तो त्यांच्या गावात. मग मी बघणं सोडून दिलं आणि गर्दीबरोबर चालायला लागले. देवळापर्यंत चालले. रस्ता कसा संपला ते कळलं नाही.

घरी आलो तेव्हा सुझुच्या तोंडून नुसती हवाच निघत होती. ती सरळ फ्रिजपाशी गेली, बरणी काढली आणि आजीपुढं धरून आ केला. सासूबाईंनी एक फोड घातली. मग दुसरी. तिनं चावता चावता डोळे मिटले. मुळा उग्र लागतो पहिल्यांदा खाताना, पण ती ते दाखवत नव्हती.

"आई," ती खरखरत म्हणाली. "उद्या तू आजोबांकडे जा. मी इथं राहू? मला उत्सव शेवटपर्यंत बघायचाय."

माझ्या तोंडाकडे बघून नव्हे. बरणीत बघत, पुढची फोड शोधत.

"राहा," मी म्हणाले.

"आणि तू पण घे," सासूबाईंनी चमचा माझ्यापुढं केला. "तुझापण बसलाय की."

"माझा कशानं बसेल?"

"मला काय ठाऊक? देवळापर्यंत केकाटत तर आलीस माझ्या शेजारून."

मी काहीतरी म्हणायला गेले आणि तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू आला.

फोड तोंडात ठेवून मी अंगणात गेले आणि बाबांना फोन केला. हिरोसाकीत आता कंदील पेटवत असतील, ते निघायच्या आत बोलायचं होतं. सुझु ओरडली, हे मला त्यांना सांगायचं होतं. उद्या मी एकटी येते, हेही सांगायचं होतं.

"बाबा," मी म्हणाले.

पलीकडून ढोलांचा आवाज येत होता.

"घसा बसलाय तुझा," ते म्हणाले.

"हं."

"दरवर्षी इथं बसायचा."

मी काही बोलले नाही. तोंडात मुळा होता.